भोवळ, मान आणि मानेवरचे ओझे



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे वसंत म्हटला की आंबा, मोगरा आणि व्याख्यान ही त्रयी ठरून गेली आहे. या व्यासपीठांवरून इतिहास, साहित्य, अध्यात्म, अर्थकारण अशा मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होतो. आजचा आमचा विषय त्या मानाने लहान आहे. विषय आहे चक्कर. आमच्या एका स्नेह्याने तो ऐकताच विचारले, "व्याख्यान ऐकून श्रोत्यांना जी येते तीच का?" तिच्यावर उपाय आमच्यापाशी नाही. पण दुसरी जी चक्कर आहे, जिने मावळातल्या कित्येक घरांची भाकरी हिरावून घेतली आहे, तिच्याविषयी चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

आम्ही डॉक्टर नव्हे की वैद्य नव्हे. आमचा धंदा कामगार संघटनेचा. पण संघटनेच्या कचेरीत बसणाऱ्या माणसापुढे रोज कागद येतात, आणि त्यांत दवाखान्याच्या चिठ्ठ्या पुष्कळ असतात. लोणावळ्यापासून वडगाव-तळेगावपर्यंतच्या या चिठ्ठ्यांवर एक शब्द आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो. तो शब्द 'स्पाँडिलोसिस'. लोक त्याला 'स्पाँडिलायटिस' म्हणतात, 'मणक्यात गॅप' म्हणतात, 'मान घासली' म्हणतात. चक्कर आली, मानेचा फोटो काढला, मणके झिजलेले दिसले, गळ्याला पट्टा बांधला आणि गोळ्या दिल्या, की प्रकरण मिटले. मिटले ते चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने. चिठ्ठी घेऊन कामावर जाणाऱ्याचे प्रकरण तेथून सुरू होते. 'चक्कर येते' असा शेरा ज्याच्या कागदावर पडला, त्याला शिडीवर कोण चढू देणार? क्रेन कोण चालवू देणार? द्रुतगती मार्गावर मालमोटार कोण हाकू देणार? म्हणून हा शेरा बरोबर आहे की चूक, हा प्रश्न जितका औषधाचा तितकाच पोटाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. भोवळ येते, घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो, झोक जातो, डोके हलके होते, गरगरते. मावळातली आजी यांतला नेमका शब्द नेमक्या जागी वापरते. पण दवाखान्याच्या पायरीवर पाऊल पडले की ती या साऱ्यांच्या ऐवजी 'चक्कर येते' एवढेच म्हणते, आणि डॉक्टरही गर्दीत तेवढेच लिहून घेतात. येथेच अर्धे निदान हरवते. भिंती-छप्पर फिरताहेत असे वाटणे ही भोवळ. ती बहुधा कानातून येते. बसल्या जागेवरून उठताच डोळ्यांपुढे काळोखी येणे ही अंधारी. ती बहुधा रक्तदाब उतरल्याने येते. डोके ठीक आहे, पण चालताना पाय भलतीकडे पडतो, तो तोल जाणे. त्याचे कारण पायांच्या नसांत, मज्जारज्जूत किंवा मेंदूत शोधावे लागते. ही विभागणी तंतोतंत नाही, पण वाट दाखवायला पुरेशी आहे. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, डॉक्टरांपुढे 'चक्कर' हा शब्द बाजूला ठेवा. काय होते, कधी होते, किती वेळ टिकते, हे आपल्या घरच्या भाषेत सांगा.

आता माणूस तोल कसा सांभाळतो ते पाहू. आपण दोन पायांवर उभे राहतो ते तीन साक्षीदारांच्या भरवशावर. पहिला साक्षीदार डोळा. दुसरा आतला कान. तिसरा म्हणजे पायांचे तळवे, सांधे आणि मानेचे स्नायू यांच्याकडून येणाऱ्या संवेदना. तिघांची साक्ष जुळली की मेंदू निश्चिंत असतो. एकाने वेगळी साक्ष दिली की मेंदू गोंधळतो, आणि त्या गोंधळालाच आपण चक्कर म्हणतो. गाडी घाटातून उतरताना पुस्तक वाचणाऱ्याला मळमळते ते यामुळेच. कान म्हणतो आपण वळतो आहोत, डोळा म्हणतो पान स्थिर आहे.

या तिघांत कानाचा अभ्यास मोठा मनोरंजक आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रोग्यांचे कान पाण्याने धूत असत. पाणी थंड असले की रोग्यास भोवळ येई आणि डोळे एका बाजूस थरथरत. पाणी फार ऊन असले की ते उलट बाजूस थरथरत. या साध्या निरीक्षणावरून त्यांनी आतल्या कानातील तोलाच्या यंत्रणेचा छडा लावला, आणि १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळवले. १९२१ साली त्यांनी एका खास भोवळीचे वर्णन केले. डोके विशिष्ट स्थितीत नेले की ती येते आणि थोड्या सेकंदांत ओसरते. आज आपल्याला ठाऊक आहे की आतल्या कानात चुनखडीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांपैकी एखादीत शिरले, की डोके हलताच नळीतला द्रव ढवळतो आणि घर फिरू लागते. १९५२ साली डिक्स आणि हॉलपाइक यांनी तिची परीक्षा सांगितली. रोग्याचे डोके एका बाजूस वळवून त्याला झटकन उताणे निजवायचे आणि डोळ्यांकडे पाहायचे. बुबुळे विशिष्ट प्रकारे थरथरली की निदान पक्के. या परीक्षेला ना फोटो लागतो, ना यंत्र. लागते एक खाट आणि जाणता डॉक्टर. १९९२ साली अमेरिकेतील डॉ. एपली यांनी डोके क्रमाने वळवून ते कण पुन्हा जागेवर आणण्याची रीत प्रसिद्ध केली. ती पाच-दहा मिनिटांची आहे. पुष्कळांना एक-दोन खेपांत आराम पडतो.

मग या भोवळीचे खापर मानेवर का फुटते? कारण उघड आहे. फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि भोवळ आली. खाली वाकून मान वळवली आणि भोवळ आली. माणूस म्हणतो, मान हलली म्हणून चक्कर आली. पण बंधूंनो, मान हलली तेव्हा कान कोठे गेला होता? तोही डोक्याबरोबर हललाच ना! दोघे एकत्र हलले, आणि आरोप फक्त एकावर आला. तेव्हा दोघांना वेगळे करून पाहिले पाहिजे. रात्री बिछान्यात आपण सबंध अंगाने कूस बदलतो, तेव्हा मान धडाच्या मानाने फारशी वळत नाही, पण कान वळतो. अशा वेळी भोवळ आली तर संशय कानावर. उलट तज्ज्ञ असे करतात की, रोग्याला फिरत्या खुर्चीवर बसवून त्याचे डोके स्थिर धरून ठेवतात आणि खाली धड फिरवतात. आता मान पिळली जाते, पण कान स्थिर असतो. त्या वेळीच भोवळ आली तर मानेवरच्या आरोपात काही अर्थ आहे. कोर्टात आरोपी उभा करताना जी काळजी घ्यावी लागते तीच ही.

आता मानेकडे वळू, कारण मान सर्वस्वी निर्दोष आहे असे आम्हांस म्हणायचे नाही. सुमारे पाच किलोचे आपले डोके सात मणक्यांच्या सरीवर ठेवलेले आहे. डोके आडवे वळते त्यातले जवळजवळ निम्मे वळण अगदी वरच्या दोन मणक्यांत होते. मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. तिशी ओलांडली की त्या हळूहळू सुकू लागतात, त्यांची उंची घटते, आणि मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात. यालाच झीज म्हणतात. साठीच्या घरातल्या, काहीएक तक्रार नसलेल्या माणसांच्या मानांचे फोटो काढले, तर बहुतेकांत ही झीज दिसेल. ती केस पिकण्यासारखी आहे. डोक्यावर पांढरे केस दिसले म्हणून 'तुमची चक्कर पांढऱ्या केसांमुळे आहे' असे कोणी म्हणत नाही. फोटोत झीज दिसली एवढ्यावरून चक्कर तिच्यामुळे आली, हे म्हणणे त्याच जातीचे आहे. मानेतून येणारी चक्कर अजिबात नसते, असे नाही. मानेचे स्नायू आखडले, मानेला हिसका बसला, तर तिथून मेंदूकडे जाणारी साक्ष बिघडते आणि मान दुखण्याबरोबर डगमगल्यासारखे वाटते. पण हे निदान बाकीची कारणे तपासून संपल्यावर शेवटी करायचे. आपल्याकडे ते पहिल्याच मिनिटाला होते.

मानेतली रक्तवाहिनी दबून चक्कर येते, असेही पुष्कळ ऐकू येते. वरच्या सहा मणक्यांच्या बाजूंच्या भोकांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे चढतात, हे खरे. पण एक थोडी दबली तरी दुसरी काम भागवते. निव्वळ झिजेमुळे असा प्रकार होणे फार विरळा. मात्र या रक्तवाहिन्यांना खरा धोका एका गोष्टीचा आहे. दाढी-कटिंग झाल्यावर मान धरून 'कडक्' करून मोडून घेण्याची जी हौस आहे, तिने रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटून मेंदूला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. केसांचे काम झाले की खुर्चीवरून उठावे. मान आपल्या आपण हलवावी.

झिजलेली मान खरोखर काय करते? ती हाताच्या नसा दाबते, मग मानेपासून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. क्वचित ती मज्जारज्जूलाच दाबते, आणि हा प्रकार गंभीर आहे. शर्टाची बटणे लावता येत नाहीत, अक्षर बिघडते, पाय ताठर होतात, चालताना झोक जातो, पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि माणसाला ते कळतही नाही. ही लक्षणे दिसताच तातडीने तज्ज्ञाकडे गेले पाहिजे. वेळ दवडली तर गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतरही पुरती परत येत नाही.

आमच्या कामातली दोन उदाहरणे सांगतो. एक गृहस्थ मावळातल्या एका कारखान्यात शिडीवर चढून देखभालीचे काम करीत. कूस बदलली की त्यांचे घर फिरे. मानेचा फोटो निघाला, पट्टा बांधला गेला, शिडीवरून काढून त्यांना झाडलोटीला लावले आणि भत्ता गेला. नऊ महिने त्यांनी गोळ्या घेतल्या. शेवटी एका कानाच्या डॉक्टरांनी त्यांना खाटेवर निजवून डोळे पाहिले, डोके चार वेळा वळवले, आणि आठवड्याने पुन्हा एकदा तसेच केले. भोवळ थांबली. संघटनेने तो कागद व्यवस्थापनापुढे ठेवला आणि गृहस्थ शिडीवर परत गेले. दुसरे आमचे एक हमाल सभासद. चालताना झोक जातो, म्हणाले. त्यांना कोणी तरी चक्करच्या गोळ्या दिल्या. त्यांची चप्पल मात्र रोज निसटत होती. ते त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मज्जारज्जू दबल्याचे उशिरा कळले. शस्त्रक्रिया झाली, चालणे सुधारले, पण बोटांत पूर्वीची पकड राहिली नाही, आणि हमालाची मिळकत म्हणजे त्याची पकड. दोघांच्याही चिठ्ठीवर निदान एकच होते. ज्याचा दोष कानात होता त्याला मानेचा पट्टा मिळाला, आणि ज्याची मान खरोखर मरणाची दबली होती त्याला चक्करच्या गोळ्या मिळाल्या.

या गोळ्यांविषयी एक शब्द. जोराच्या भोवळीत दोन-चार दिवस त्या उपयोगी पडतात. पण महिनोन्महिने घेतल्या तर मेंदू स्वतःहून तोल सावरायला जे शिकत असतो, त्यात त्या आड येतात. सिनॅरिझीनसारख्या गोळ्यांनी वयस्कांत हातापायांना कंप सुटू शकतो. पट्ट्याचेही तसेच. फार दिवस बांधला तर मानेचे स्नायू दुबळे होतात. आणि घरातल्या बायकांची 'चक्कर' ही तर पुष्कळदा रक्त कमी असल्याची, उपासाची, उन्हात पाण्याविना राबण्याची असते. तिला मणक्याचे नाव देणे म्हणजे भुकेला आजाराचे नाव देणे होय.

आता मानेवरच्या ओझ्याविषयी बोलतो. हा आपला मुलूखच ओझ्यावर उभा आहे. १८५८ सालापर्यंत एका बाजूने खंडाळ्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने खोपोलीपर्यंत आगगाडी आली. मधला बोरघाट १८६३ साली लोहमार्गाने जोडला गेला. मधली वर्षे उतारू पालखीतून आणि तट्टांवरून घाट ओलांडीत. पालखी म्हणजे शेवटी कोणाचा तरी खांदा आणि कोणाची तरी मान. पुढे लोहमार्ग झाला, रस्ते झाले, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. पण खाचरातून खळ्यापर्यंत भाताचा भारा आजही डोक्यावरच येतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या इंद्रायणीचा सुवास आपण सारे घेतो. तो भात आपल्या ताटात येण्यापूर्वी कोणाच्या तरी चुंबळीवरून आलेला असतो. चुंबळ डोक्याची कातडी वाचवते, मणका वाचवत नाही. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात डोईवर ओझी वाहणाऱ्यांच्या मानांची क्ष-किरण पाहणी झाली आहे. न वाहणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात झीज अधिक आढळली. सगळ्यांची मान वयाने झिजते, पण ओझे वाहणाऱ्याची मान वयाच्या आधी झिजते.

यावर कायदा काही बोललेला नाही असे नाही. इजा होईल इतके ओझे कोणाकडून उचलवून घेऊ नये, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिले गेले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ओझ्याच्या मर्यादेचा करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सांगितली, आणि स्त्रियांसाठी तीहून बरीच कमी असावी असे म्हटले. भारताने हा करार २०१० साली मान्य केला, म्हणजे ४३ वर्षांनी. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. 'माथाडी' या शब्दातच माथा आहे, हे ध्यानात घ्या. शंभर किलोचे पोते पन्नासावर आणा, ही मागणी हमाल संघटनांनी वर्षानुवर्षे लावून धरली. पण माथ्यावर भारा, मोळी आणि हंडा वाहणाऱ्या मावळातल्या बाईला ना मंडळ, ना मर्यादा, ना सुट्टी. कारण तिच्या कामाला काम म्हणत नाहीत, घरकाम म्हणतात.

मग करायचे काय? आमच्या मागण्या चार आहेत. कामगारास 'चक्कर' या शेऱ्यावर कामावरून दूर करण्यापूर्वी त्याची कानाची तपासणी, निजून-उठून दोन्ही वेळचा रक्तदाब, रक्त आणि चाल एवढे पाहिलेच पाहिजे. भोवळीची खाटेवरची परीक्षा तालुक्याच्या दवाखान्यात झाली पाहिजे. तिला खर्च नाही, शिक्षण हवे. तिसरी मागणी, तपासणी पुरी होईपर्यंत माणसाला उंचावर आणि वाहनावर जरूर पाठवू नये, पण त्याचा पगार कापू नये. आणि चौथी तुमच्याकडे आहे. दुकानदार, शेतकरी, गृहस्थ, आपण सारे ओझे मागवणारे आहोत. पोते लहान मागा, हातगाडीला वाट ठेवा, आणि घरातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा नळावर किंवा चाकावर आणा.

लोणावळ्यात बोलताना योगाचा विषय टाळता येत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन केले. त्यांची थोरवी अशी की, आसनांचे गुण त्यांनी नुसते गायले नाहीत, क्ष-किरण आणि प्रयोगशाळेच्या कसोटीला लावले. त्यांच्या गावात राहून आपण तरी पुस्तकात पाहून किंवा शेजाऱ्याचे ऐकून आसने करू नयेत. मान हळुवार हलवणे, खांदे मागे घेणे, मानेचे स्नायू सशक्त करणे हे बहुतेकांस हितकर. पण ज्याची मान झिजली आहे त्याने शीर्षासन, सर्वांगासन यांचा हट्ट धरू नये. जाणत्याला दाखवून मगच करावे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. भोवळीबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, घास गिळेना, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा आधाराशिवाय उभेच राहवेना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. त्या वेळी पट्टा नको, गोळी नको, कांदा हुंगवणे नको. मोठ्या इस्पितळाची वाट धरा. घड्याळाचा प्रत्येक काटा मोलाचा आहे.

आम्ही संघटनेची माणसे, आम्हांला सवय एकच आहे. कोणावर आरोप आला की पुरावा मागायचा. कामगारावर आरोप आला तर मागतो, तसा त्याच्या मानेवर आला तरी मागतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे ओझे मानेवर वाहिले, त्याच्या मानेवर न केलेल्या गुन्ह्याचे ओझे लादू नये, आणि तिला झालेली खरी इजा मात्र कोणी 'साधी चक्कर' म्हणून उडवून लावू नये, एवढेच आमचे मागणे.